आधी टेबल मोडू नका: प्रशासकीय सुधारणांचे खाते सांभाळणाऱ्या मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्रिमहोदय,

सप्रेम नमस्कार.

नवी संगणक प्रणाली, विभागांची फेररचना, कमी माणसांत तेच काम, असा कोणताही प्रस्ताव आपल्यासमोर येतो तेव्हा त्याच्या शेवटच्या पानावर 'संभाव्य अडचणी' हा मथळा असतो. त्याखालचे पहिले वाक्य ठरलेले: कर्मचाऱ्यांकडून बदलाला विरोध होण्याची शक्यता आहे. उपायही ठरलेला: प्रशिक्षण द्यावे. मी नोकरीची बहुतेक वर्षे आस्थापना शाखेत पगारबिले करण्यात घालवली, त्यामुळे हे वाक्य मला तोंडपाठ आहे. ते आपण एकदा खोडून टाकावे, एवढ्यासाठी हे पत्र.

विरोध नसतो असे मी म्हणत नाही. ज्याच्या टेबलावर फाइल अडल्यामुळे त्याचे वजन वाढते, तो फाइल वेगाने जाऊ नये म्हणून झटतो, हे मी जवळून पाहिले आहे. पण खालून येणारी प्रत्येक हरकत 'बदलाला विरोध' याच सदरात जमा झाली की 'साहेब, या प्रणालीत मागील थकबाकी काढायची सोयच नाही' ही हरकतही त्यातच जाते. मग ती आपल्यापर्यंत पोहोचत नाही. पोहोचली तरी 'जुनी खोडे कुरकुरत आहेत' अशी पोहोचते.

कॅनडाच्या केंद्र सरकारचे काय झाले ते पाहा. त्यांची पगाराची यंत्रणा सुमारे चाळीस वर्षे जुनी होती आणि ती बदलायलाच हवी होती, याबद्दल वाद नाही. 'फिनिक्स' नावाची नवी प्रणाली आणायची, विभागोविभागी बसलेले पगार सल्लागार काढायचे आणि ४६ विभागांचा पगार मिरामिची या एका गावातल्या केंद्रातून करायचा, असा बेत ठरला. सुमारे १,२०० सल्लागारांची पदे गेली आणि त्यांच्या जागी केंद्रात ५५० माणसे आली. यातून वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा हिशेब होता. फेब्रुवारी आणि एप्रिल २०१६ अशा दोन टप्प्यांत प्रणाली सुरू झाली आणि १०१ विभागांतले सुमारे २ लाख ९० हजार कर्मचारी तिच्यावर आले. पहिल्याच वर्षात निम्म्याहून अधिक लोकांचा पगार निदान एकदा तरी चुकला. कुणाला कमी मिळाला, कुणाला जास्त, कुणाला मिळालाच नाही. वाचणार होते ते राहिले बाजूला, दुरुस्तीचा खर्च अब्जांच्या घरात गेला.

हे कसे घडले, ते तिथल्या महालेखापरीक्षकांनी २०१८ च्या अहवालात लिहून ठेवले आहे. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीने २०१२ साली २७.४ कोटी डॉलरचा अंदाज दिला होता, मंजुरी १५.५ कोटींची होती. अधिकाऱ्यांनी जादा निधी मागितला नाही, प्रणालीतली कामे कमी केली. ज्या गोष्टी गाळल्या किंवा पुढे ढकलल्या, त्यात मागील थकबाकी काढण्याची सोयही होती. पगारबिल केलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, थकबाकी हा अपवाद नसतो, ते रोजचे काम असते. वेतनकरार मागच्या तारखेपासून लागू होतो, पदोन्नतीचा आदेश उशिरा निघतो, रजा नंतर मंजूर होते. मग एका विभागात आधी पथदर्शी चाचणी घ्यायची होती, तीही रद्द केली, कारण तारीख चुकली असती.

मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती वेगळीच बाब. खात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे प्रकल्पाची माहिती येण्याचा एकच मार्ग होता: प्रकल्प राबवणारे अधिकारी. प्रणाली तयार आहे की नाही हे त्या तारखेशी ज्याचे काही देणेघेणे नाही अशा कुणाकडून तपासून घेतले नव्हते. हिरवा शेरा देणारे आणि हिरवा शेरा हवा असणारे एकच होते. महालेखापरीक्षकांनी त्याच वर्षी आज्ञाधारक नोकरशाहीच्या संस्कृतीवर बोट ठेवले, ते यासाठीच. जुने सल्लागार तर तोवर घरी गेले होते किंवा दुसऱ्या खात्यांत विखुरले होते. कोणत्या कर्मचाऱ्याची बदली महिन्याच्या मध्यावर झाली आहे, कोण वरच्या पदाचा तात्पुरता कार्यभार सांभाळतो आहे, कुणाची अर्धपगारी रजा चालू आहे, हे ज्यांना माहीत होते तीच माणसे पहिल्यांदा गेली. प्रणालीला याचे नियम ठाऊक होते, पण कागद कुठे अडकला आहे हे नियमांत लिहिलेले नसते.

म्हणून पहिली विनंती. बचतीचा आकडा प्रस्तावात असू द्या, पण तो अर्थसंकल्पात नेऊ नका. काम नव्या पद्धतीने पूर्ण एक वर्ष बिनचूक होऊन जाऊ द्या, वार्षिक वेतनवाढ, वर्षअखेर, बदल्यांचा हंगाम, सगळे त्या वर्षात येऊन जाऊ द्या. मग पदे किती कमी करायची ते ठरवा. दोन्ही पद्धती समांतर चालवायला पैसा लागतो आणि वित्त विभाग कुरकुर करेल, हे मी जाणतो. आकडा एकदा अर्थसंकल्पात छापला गेला की तो खरा ठरवण्यासाठी माणसे वाटेल ते करतात.

ऑस्ट्रेलियात नेमके हेच झाले. सामाजिक साहाय्य घेणाऱ्यांकडून जादा दिलेले पैसे वसूल करण्याची योजना मे २०१५ च्या अर्थसंकल्पात आली, सोबत मोठ्या बचतीचे आश्वासनही आले. पद्धत अशी की करखात्याकडचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, २६ पंधरवड्यांत सारखे वाटायचे आणि माणसाने पंधरवड्याला कळवलेल्या उत्पन्नाशी ताडून पाहायचे. सहा महिने काम आणि सहा महिने बेकारी अशा माणसाने बेकारीच्या काळातही कमावले, असे या भागाकारातून दिसणारच. शाळेतल्या मुलालाही सरासरीचा हा दोष सांगता येईल. विभागाच्याच कायदा शाखेने २०१४ मध्ये बजावले होते की हे कायद्यात बसत नाही. पुढे एका कर्मचारी बाईंनी सचिवांपर्यंत लेखी कळवले. तरीही २०१९ च्या अखेरीपर्यंत नोटिसा जात राहिल्या. २०२३ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला, तोवर सरकारने लाखो लोकांची देणी रद्द करून घेतलेले पैसे परत केले होते. आयोगासमोर काही मातांनी आपल्या मुलांच्या आत्महत्यांबद्दल सांगितले. त्या परताव्यात हे कसे बसवणार?

या दोन्ही ठिकाणी यंत्र बिघडले म्हणून घोळ झाला नाही. कुणाला तरी आधीच कळले होते आणि ज्याला कळले त्याच्या हातात थांबवण्याचा अधिकार नव्हता. ब्रिटनच्या टपाल खात्यात तर १९९९ पासून बसवलेल्या 'होरायझन' या हिशेब प्रणालीच्या भरवशावर छोटी टपाल कार्यालये चालवणाऱ्या नऊशेहून अधिक उपटपालचालकांना चोर ठरवले गेले. प्रणाली चुकते आहे असे ते ओरडून सांगत होते.

कर्मचारी बदलाला मुळात नकोच म्हणतात का, हा प्रश्न कुणी तपासला आहे का? तपासला आहे, आणि फार पूर्वी. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मॅरियन इथे पायजमे शिवण्याचा हारवुड कारखाना होता. तिथे कामाची पद्धत बदलली की शिवणाऱ्या बायकांचे उत्पादन घसरायचे, तक्रारी वाढायच्या, काही जणी नोकरी सोडायच्या. लेस्टर कॉच आणि जॉन फ्रेंच यांनी १९४८ साली याचा प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला नवी पद्धत आणि नवा दर नुसता सांगितला. दुसऱ्या गटांना आधी अडचण दाखवली आणि नवे काम कसे बसवायचे हे त्यांच्याबरोबर ठरवले. पहिल्या गटाचे उत्पादन वर आलेच नाही आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के बायका नोकरी सोडून गेल्या. पूर्ण सहभाग मिळालेले गट लवकर सावरले, पूर्वीच्या पातळीच्या सुमारे १४ टक्के पुढे गेले, आणि त्यांतून कुणी गेले नाही.

खरी गंमत पुढे आहे. पहिल्या गटातल्या उरलेल्या बायकांना सुमारे अडीच महिन्यांनी आणखी एका बदलाला सामोरे नेले, या वेळी त्यांना विचारून. त्याही तितक्याच लवकर सावरल्या. माणसे तीच, कारखाना तोच. मग 'आमच्याकडचे लोकच तसे' हे कारण उरत नाही.

याच फ्रेंच यांनी नॉर्वेतल्या एका पादत्राणांच्या कारखान्यात सहकाऱ्यांसह असाच प्रयोग केला, तो १९६० साली छापून आला. तिथे उत्पादनात फरक पडला नाही. कामगारांना ज्या बाबी ठरवू दिल्या, त्या त्यांच्या कामाच्या दृष्टीने फारशा महत्त्वाच्या नव्हत्या, असे एक कारण पुढे आले. आपल्या खात्यातल्या 'सूचना मागवण्यात येत आहेत' या परिपत्रकांचे काय होते, याचे उत्तर मला तिथे सापडते. संगणकाच्या पडद्याचा रंग विचारायचा आणि कोणती पदे जाणार हे न विचारता ठरवायचे, याला कोणी भुलत नाही.

दुसरी विनंती त्यामुळे सहभागाच्या कार्यशाळांची नाही. थांबवण्याच्या अधिकाराची आहे. जपानमधल्या साकिची तोयोदा यांनी १९२४ साली सिद्ध केलेला स्वयंचलित माग धागा तुटला की आपोआप थांबायचा, सदोष कापड विणत बसायचा नाही. त्याच घराण्याच्या मोटार कारखान्यात पुढे हा विचार माणसांना लागू झाला: साखळीवरच्या कोणत्याही कामगाराने दोरी ओढली की गटप्रमुख धावत येतो आणि ठरलेल्या वेळात दोष निघाला नाही तर साखळी थांबते. दोरी ओढणाऱ्याला कुणी कारणे दाखवा नोटीस देत नाही. सरकारी कचेरीत अशी दोरी कुठे आहे? लेखापरीक्षण असते, पण ते कापड विणून झाल्यावर येते.

आपण प्रत्येक मोठ्या प्रकल्पात दोन-तीन माणसे अशी नेमा, जी ते काम आज हाताने करतात, ज्यांचा गोपनीय अहवाल प्रकल्पप्रमुख लिहीत नाही आणि ज्यांच्या लेखी सहीशिवाय जुनी पद्धत बंद होत नाही. त्यांनी 'नाही' लिहिले तर तो कागद मधल्या कुणाच्या शेऱ्याशिवाय थेट आपल्याकडे यावा. आपण तो डावलू शकता, तो आपला अधिकारच आहे, पण मग डावलण्याखाली सही आपली राहील. असे दोन-तीन लोक फितवले जातील किंवा उगाच अडवतील, अशी शंका आपले सचिव काढतील. काढू द्या. उगाच अडवलेले चार महिने मी कॅनडाच्या त्या वर्षांच्या बदल्यात आनंदाने देईन.

आता पुढच्या वादळाबद्दल. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने कचेरीत शिरली आहेत, परवानगीने आणि बिनपरवानगीनेही. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात मोठ्या जोखमीच्या अशा प्रणालींवर देखरेख करणाऱ्या माणसाला ती थांबवता आली पाहिजे, असे लिहून ठेवले आणि कामाच्या ठिकाणी ती वापरण्याआधी कर्मचाऱ्यांना कळवण्याचे बंधन घातले. चांगले केले. पण देखरेख करणारा माणूस येणार कुठून, याचे उत्तर कायदा देऊ शकत नाही. आमच्या वेळी नवा कारकून आधी जावक नोंदवही लिहायचा, मग साधी पत्रे, मग छाननी, आणि दहा-बारा वर्षांनी एखादे प्रकरण नुसते चाळून 'यात काहीतरी खटकते' असे म्हणू शकायचा. मसुदा, सारांश, पहिली छाननी ही खालची कामे यंत्राला सर्वांत आधी देता येतात, म्हणून ती दिली जातील आणि भरतीही तिथेच थांबेल. आजचे जाणते लोक निवृत्त झाल्यावर यंत्राची चूक ओळखणारा कुणी त्या शिडीवरून चढून आलेलाच नसेल. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ सालीच स्वयंचलनाचा हा विरोधाभास मांडला होता: सोपे काम यंत्राकडे जाते, माणसाकडे देखरेख आणि आणीबाणी उरते, आणि नेमके त्यासाठी लागणारे कसब सराव नसल्याने गंजत जाते.

यावर माझ्याकडे पक्का इलाज नाही. एवढे नक्की वाटते की नव्या माणसाने पहिली दोन वर्षे काही प्रकरणे यंत्राशिवाय पूर्ण करावीत, आणि तो वेळ 'अकार्यक्षमता' म्हणून मोजला जाऊ नये. नाहीतर कुठलाही विभागप्रमुख हा सराव पहिल्या तिमाहीतच बंद करेल.

आपला कार्यकाळ बहुतेक प्रकल्पांपेक्षा लहान असतो, याची मला जाणीव आहे. उद्घाटनाच्या फलकावर नाव आपले येते आणि घोळ पुढच्याच्या पदरात पडतो, किंवा उलट. म्हणून शेवटची मागणी अशी करतो, जी आपल्याला या आठवड्यात पुरी करता येईल. आपल्या अखत्यारीतल्या चालू प्रकल्पांपैकी कोणत्या प्रकल्पांत पथदर्शी चाचणी रद्द झाली किंवा आखडली, कोणत्या सोयी 'दुसऱ्या टप्प्यात' ढकलल्या आणि तो टप्पा मंजूर आहे का, आणि पदे रद्द करण्याचा आदेश प्रणाली सुरू होण्याच्या किती आधी निघाला, याची यादी मागवा. प्रकल्पप्रमुखांकडून नको, ज्या शाखा ते काम करतात त्यांच्याकडून मागवा, आणि आली तशी सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपला विश्वासू,
आस्थापना शाखेतला एक निवृत्त कर्मचारी