अण्णा, होडी पाण्यात उतरली

आदरणीय अण्णा,

सप्रेम नमस्कार.

गेल्या सोमवारी पहाटे धाकट्या भावाने केत्तूरच्या काठावरून होडी उजनी धरणात घातली. बारा वर्षं तो ट्रकच्या ट्यूबवर बसून चिलापी मासे धरतोय, कमरेखालचं अंग पाण्यात, पौषाच्या थंडीतसुद्धा. त्या दिवशी घरी आला तर आईने आधी त्याच्या तळपायांना हात लावून बघितला. कोरडे होते. आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन ठेवता, म्हणून हे चार लोकांसमोर लिहितोय.

आम्हा भावांनी मिळून ५५ हजार जमवले होते. मी अक्कलकोट रोडला युनिफॉर्मच्या कारखान्यात कटर, तुम्ही ॲल्युमिनियमच्या फॅब्रिकेशनमधून रिटायर झालेले फिटर, ओळख चहाच्या टपरीवरची. मी १४ फुटी सपाट तळाची, इंजिन लावलेली जुनी होडी ५२ हजाराला ठरवत आणली होती. फोटो बघून तुम्ही किमतीचं काहीच बोलला नाहीत. विचारलंत, "वारं सुटल्यावर ही कशी चालंल? आणि मे महिन्यात उचलणार कोण?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, तरी होडी घेताना कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जातं, म्हणजे वापरायच्या साठ्याच्याही खाली. २०२४ ला तर उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेलं होतं. पाणी मागे सरलं की काठापासून लांबवर गाळ, दगड, बुडालेल्या गावांच्या भिंती. तेवढ्यातून होडी ओढत न्यायची दोघांनीच. आणि वाऱ्याचं तर काय सांगावं. त्याच वर्षी मे महिन्यात कुगाव ते कळाशी जाणारी बोट वादळात उलटली आणि सहा माणसं गेली. आमच्या भागात अजूनही आभाळ काळं झालं की बायका काठावर येऊन उभ्या राहतात.

म्हणून १२ फुटी बघायची ठरली. सपाट तळ उथळ पाण्यात आणि उभं राहून जाळं ओढायला चांगला, पण लाटेवर आपटतो. पुढून थोडी टोकदार, मागे सपाट होत गेलेली होडी दोन्ही सांभाळते, हे तुम्ही टपरीवर बशी उलटी करून दाखवलंत. आणि रुंदी. माझ्या गळ्यातला ६० इंची टेप काढून तुम्ही तीन होड्या मोजल्या. वरून ५४ इंच भरली पण तळाला ४० च्या आत, तर ती सोडून द्यायची, कारण माणूस उभा राहतो तो तळावर. हा हिशोब मी आता कुणालाही सांगतो.

एका होडीच्या तळाला जाड डांबर फासलं होतं. मालक म्हणाला, टिकायला लावलंय. तुम्ही बोटाच्या नखाने एक पापुद्रा उचललात, खाली भेग बुजवायला लावलेल्या एमसीलचा लांब पट्टा निघाला. तुम्ही त्यांना नमस्कार केलात आणि आपण निघालो. वाद नाही, टोमणा नाही. मला ते फार आवडलं.

आपली ॲल्युमिनियमची होडी ज्या दिवशी सापडली तो दिवस मला जन्मभर लक्षात राहील. तुम्ही ती पाण्यात सोडलीच नाही. उलट होडीतच पाणी भरायला लावलंत. आधी तळाखाली वाळूची पोती ओळीने मांडली, कारण चार बोटं पाणी भरलं तरी शेकडो किलो वजन होतं आणि आधार नसला तर पत्रा झोळ खातो. मग आपण तिघं पोटावर झोपून खालून बघत बसलो. पाच मिनिटं काही नाही. नंतर पत्रे जोडणाऱ्या एका रिव्हेटच्या डोक्याशी मोत्याएवढा थेंब जमला, थरथरला, पडला. तुम्ही हात पुढे केलात, मी खिशातला कापडावर खुणा करायचा खडू दिला. अशी सात वर्तुळं झाली. मालकाने ती सात वर्तुळं बघून आपणहून किंमत ४२ वरून ३६ हजारांवर आणली.

दुरुस्ती तुम्ही स्वतः केलीत. धाकट्याने आतून घण टेकवून धरायचा, तुम्ही बाहेरून हातोडीने रिव्हेट पुन्हा बसवायचे. पाच बसले. दोन ऐकेनात, ते ड्रिलने काढून एक साईज मोठे ॲल्युमिनियमचेच घातले, सीलंट लावून. कोपऱ्यातल्या चिरेला गावातल्या वेल्डरकडे नेऊ म्हणालो तर तुम्ही पहिल्यांदा माझ्यावर आवाज चढवलात. ॲल्युमिनियम ६६० अंशाला वितळतं, पण त्याच्यावरचा ऑक्साईडचा थर दोन हजारांच्या वर, साध्या वेल्डिंगने पत्र्याला भोकच पडतं. आर्गन गॅसने वेल्डिंग करणाऱ्याकडेच नेलंत आणि शेजारी उभं राहून करून घेतलंत. मागच्या फळीचे लोखंडी बोल्ट काढून स्टेनलेसचे, खाली रबरी वॉशर. लोखंड आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकमेकांना लागून राहिले की पांढरी पूड सुटते, ती तुम्ही बोटावर घेऊन दाखवली.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते कॅनचं. होडी तरंगत ठेवायला फळीखाली भरलेला फोम पाणी पिऊन जड झाला होता, तो तुम्ही उपसून टाकलात. पाणी भरलं तर धातूची होडी तळाला जाते. पण ६० किलोचं ॲल्युमिनियम पाण्यात ३८ किलोच्या जवळपासच भरतं, तेवढं उचलायला २० लिटरचे दोन बंद कॅन जेमतेम पुरतात, आणि आपण चार बांधू, म्हणजे माणसाला धरून राहता येईल. तुम्ही हे सिगरेटच्या पाकिटावर मांडलंत. ते पाकीट मी जपून ठेवलंय.

दुरुस्ती आणि वल्ही ५ हजार, दोन लाईफ जॅकेट ३ हजार. "इंजिन पुढच्या वर्षी, जॅकेट आज," असं तुम्ही म्हणालात म्हणून जॅकेट आली. उरलेल्या ११ हजारांत नवं जाळं झालं. तुम्ही मात्र चार रविवार दिलेत आणि एसटीचं भाडंसुद्धा घेतलं नाही.

येत्या रविवारी या. खडूची वर्तुळं धुऊन गेली, पण ती सात ठिकाणं मी अजून बोट ठेवून सांगू शकतो. परवा डाव्या बाजूच्या एका नव्या रिव्हेटपाशी ओल दिसली, तेवढी नजरेखालून घाला. आई चिलापीचं कालवण आणि बाजरीची भाकरी करणार आहे, आणि यावेळी धाकटा तुम्हाला होडीतून फिरवल्याशिवाय सोडणार नाही.

तुमचाच,
कटिंगवाला
सोलापूर