ॲबर्डीनच्या ताईंना, साताऱ्याहून

ताई, सप्रेम नमस्कार.

नाव लिहायचं नाही ही तुमची अट पाळतोय. तुमचा नंबरही मी कोणाला दिलेला नाही. आम्ही स्कॉटलंडहून परत आल्यापासून चार जणांनी मागितला, त्यातले दोघं तर नुसतं 'स्कॉटलंडला जायचंय' एवढंच ठरवून आले होते. त्यांना तुमच्यापर्यंत पोचू देण्यापेक्षा इथे सगळ्यांसमोर आभार मानावेत, म्हणजे तुम्ही जे सांगितलंत तेही चार लोकांना कळेल, असा विचार केला.

आपली ओळख म्हणाल तर शेजारच्या वहिनींच्या भाचीची तुम्ही मैत्रीण. एवढ्या धाग्यावर मी तुम्हाला पहिल्याच फोनवर पाऊण तास धरून ठेवलं होतं. तीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला समोर ऐकणारं कोणी मिळालं की असं होतं. तुम्ही मध्येच कुकर बंद करायला उठलात तेव्हा मला वेळेचं भान आलं.

मला स्कॉटलंडमधल्या बॅन्फला जायचं होतं, ग्रँट डफच्या गावाला. 1818 साली पेशवाई बुडाल्यावर दख्खनचा कमिशनर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यानं साताऱ्याला नेमलेला हा इंग्रज सरकारचा अधिकारी. तेव्हा त्यानं तिशीही गाठली नव्हती. प्रतापसिंह महाराजांच्या दरबाराशी व्यवहार सांभाळता सांभाळता त्यानं इथली दप्तरं चाळली, तब्येत ढासळल्यावर मायदेशी गेला आणि 1826 साली मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापला. पुढे कीर्तने, राजवाडे या आपल्या इतिहासकारांनी त्याच्या चुका धरल्या, त्या धरायलाच हव्या होत्या. मीही वर्गात त्याच्यावर पुष्कळ तोंडसुख घेतलंय. पण ज्याच्याशी आयुष्यभर भांडलो तो कुठल्या समुद्रापाशी वाढला, हे एकदा बघावं असं निवृत्त झाल्यापासून मनात होतं. मंडळी म्हणाली, "भांडायला सातासमुद्रापार जायचं म्हणजे कमाल आहे." पण पासपोर्ट तिनंच आधी काढला.

आता ती हॉटेलची गोष्ट. मी सांगितली नाही तर वहिनी सांगतीलच, त्यापेक्षा माझ्या तोंडून बरी. मी मोठ्या उत्साहानं पाच रात्रींचं बुकिंग करून तुम्हाला पाठवलं. त्यात लिहिलं होतं की खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसतात. मला वाटलं, स्कॉटलंड आहे, दिसत असतील. दहा मिनिटांत तुमचा फोन. "काका, आपल्या बॅन्फला बर्फाचे डोंगर नाहीत. तुम्ही कॅनडात खोली घेतलीय." अल्बर्टा हे तिथल्या प्रांताचं नाव माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि ते मी हॉटेलच्या मालकिणीचं समजलो होतो. तुम्ही हसला नाहीत, हे मला विशेष लक्षात राहिलंय. (हसणं नंतर म्यूटवर उरकलंत, असं भाची सांगते.) रद्द करायची मुदत दोन दिवसांनी संपत होती, पैसे वाचले. कॅनडातल्या गावाला ते नाव एकोणिसाव्या शतकात रेल्वेवाल्यांनी आपल्या बॅन्फच्या परगण्यावरून, बॅन्फशरवरून दिलं, हेही तुम्हीच सांगितलंत, म्हणजे माझी चूक अगदीच निराधार नव्हती असं मी घरी सांगू शकलो.

तुमचा खरा उपकार त्यानंतरचा. माझ्या यादीत सहा दिवसांत अकरा ठिकाणं होती. एडिनबरा, लॉक नेस, स्काय बेट, काय काय. ती वाचून तुम्ही एकच विचारलंत, "काका, यातलं तुम्हाला बघायचंय काय, आणि लोकांना सांगण्यासाठी काय?" मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. रात्री यादी परत काढली आणि एकेक नाव खोडत गेलो. सकाळी बॅन्फ उरलं आणि आसपासची दोन-तीन गावं. त्यावर तुम्ही वहीच्या पानावर हातानं आराखडा लिहून त्याचा फोटो पाठवलात. तो कागद आम्ही छापून घेतला, तिनं तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये ठेवला आणि परत येईपर्यंत त्याच्या घड्या पडून पडून मधली ओळ वाचता येईनाशी झाली.

त्या पानावरची पहिली ओळ होती, 'कंदी पेढे आणू नका.' बाहेरून ब्रिटनमध्ये दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, जप्त होतात. साताऱ्याचा माणूस कोणाकडे जाताना पेढ्याशिवाय जातो हे आमच्या मंडळींच्या पचनी पडेना. विमानतळावर निघेपर्यंत "एवढासा डबा कोण बघतंय?" चालू होतं. शेवटी मेतकूट, भाजणी आणि खारे दाणे घेतले. तुमच्याकडे रिकाम्या हातानं आल्याची रुखरुख तिला अजून आहे.

छत्री नको, टोपीवाला रेनकोट घ्या, हे मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी डेव्हरन नदीच्या पुलावर, स्मीटन या इंजिनिअरनं 1779 साली बांधलेल्या त्या सात कमानींच्या पुलावर, माझी छत्री उलटी झाली. काड्या आकाशाकडे, कापड एका बाजूला फडफडतंय आणि मी दोन्ही हातांनी दांडा धरून पलीकडच्या मॅकडफ गावाच्या दिशेनं तिरका चाललोय. समोरून एक आजोबा आले, त्यांनी छत्रीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गंभीर चेहऱ्यानं मान हलवून पुढे गेले. तिथेच एका कचराकुंडीत तिची समाप्ती झाली.

बॅन्फमधल्या डफ हाऊसच्या बाबतीतही तुम्ही वेळेवर सावध केलंत. मी ते ग्रँट डफचंच घर समजून चाललो होतो. ते घराणं वेगळं, हा तुमचा निरोप आला नसता तर मी तिथल्या बाईंना साताऱ्याच्या तहावर व्याख्यान दिलं असतं. तो वाडा विल्यम डफनं 1735 साली विल्यम ॲडम या वास्तुविशारदाकडून बांधायला घेतला. खर्चावरून दोघांचं फाटलं, प्रकरण कोर्टात गेलं आणि मालक त्यात कधी राहायलाच गेला नाही. बग्गी तिथून जाताना तो पडदे ओढून घ्यायचा असं सांगतात. आता तिथे चित्रं लावलीत. चित्रांतलं मला फार कळत नाही, पण कंत्राटदाराशी भांडण झालेला बंगला कसा दिसतो ते मात्र कळलं. आमच्या गल्लीत एक आहे.

ग्रँट डफची ईडनची जागा खासगी आहे, दार वाजवायला जाऊ नका, असं तुम्ही दोनदा अधोरेखित केलं होतंत. नाही गेलो. तुम्ही लिहिल्याप्रमाणे डफ हाऊसच्या मागच्या झाडीतून नदीकाठानं अल्वाच्या जुन्या पुलापर्यंत चालत गेलो. खाली नदी अरुंद होऊन काळपट दिसते. ईडन याच नदीच्या वरच्या अंगाला. याच ईडनला 1829 साली त्याला मुलगा झाला आणि त्यानं त्याचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. साहेबाचं आख्खं नाव पोराला! तो मुलगा पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. त्या पुलावर उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस साताऱ्याहून इथे आला खरा, पण पुरता परतला नसावा. तिथे बसून आम्ही खारे दाणे खाल्ले.

क्रोव्ही या समुद्रकाठच्या खेड्याला टॅक्सीनंच जा म्हणालात ते बरं झालं. उभ्या कड्याखाली घरांची एकच ओळ, बहुतेकांच्या भिंतीची अरुंद बाजू समुद्राकडे आणि मोटार पुढे न्यायला रस्ताच नाही. गावाच्या तोंडाशी एकचाकी ढकलगाड्या उभ्या होत्या. एक बाई दुधाचे कॅन, बटाट्याची पिशवी आणि त्यावर बसवलेलं नातवंड असं सगळं एकाच गाडीतून घेऊन गेल्या. 1953 च्या जानेवारीतल्या वादळानं इथली घरं वाहून नेली, त्यानंतर बरेच जण सोडून गेले. आमची मंडळी कोकणातली, तिनं भिंतीवरचा मिठाचा थर बोटानं पुसून पाहिला आणि म्हणाली, "आमच्याकडेही लोखंडाला असंच खातं."

कलन गावाला जाऊन मी कलन स्किंक हे सूप प्यायलो, म्हणजे धुरी दिलेला हॅडॉक मासा, बटाटा, कांदा आणि दूध. माशात दूध म्हटल्यावर हिनं खुर्ची थोडी लांब सरकवली. मला आवडलं. ती मेतकूट-भातावर राहिली. खोलीत स्वयंपाकघर हवंच, हा तुमचा आग्रह किती मोलाचा होता ते त्या दिवशी कळलं. उन्हाळ्यात तिथे रात्री दहापर्यंत मावळत नाही म्हणून खिडकीला लावायला सांगितलेलं काळं कापडही उपयोगी पडलं, फक्त ते माझ्या आधीच्या एका जुन्या छत्रीचं होतं एवढंच.

स्कॉटिश नोटा लंडनला जायच्या आधी खर्चून टाका म्हणाला होतात. दहा पौंडांची एक राहिली. ती मुद्दाम ठेवलीय असं मी म्हणतो.

दिवाळीत तुम्ही भारतात येताय असं कळलं. सातारा वाटेवर नाही, हे मला माहीत आहे, तरी या. कंदी पेढे तयार असतील. परत जाताना नेता येणार नाहीत, त्यामुळे इथेच बसून संपवावे लागतील. मंडळींनी अर्धा किलो असा आकडा ठरवलाय, त्यात माझ्याकडून काही सूट मिळणार नाही.

आपला,
साताऱ्याचे काका