झेनॉन दिवा वॉट पाहून घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

फिल्मचा प्रोजेक्टर जिथे अजून चालतो, तिथे पडदा अंधुक दिसू लागला की आधी प्रोजेक्टरसाठी जास्त वॉटचा झेनॉन दिवा मागवला जातो. ही घाई बहुधा चुकीची ठरते आणि तिचा चटका फिल्मला बसतो.

आधी प्रकाश मोजावा. शटर (प्रकाश मधूनमधून अडवणारे फिरते पाते) चालू ठेवून, गेटमध्ये, म्हणजे दिव्यासमोरच्या ज्या चौकटीतून फिल्म सरकते तिच्यात, फिल्म न घालता, प्रेक्षकांच्या जागेवरून स्पॉट मीटरने (एका ठिकाणचा उजेड मोजणाऱ्या यंत्राने) पडद्याचा मध्यभाग पाहावा. तिथे 16 फूट-लॅम्बर्ट, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 55 कँडेला मिळायला हवेत. आकडा कमी आला तर लेन्स, प्रोजेक्शन खोलीच्या खिडकीची काच आणि दिव्यामागचा आरसा स्वच्छ करून दिव्याचा फोकस पुन्हा जुळवावा. एवढ्यावरही अनेकदा काम भागते.

पडदा खरोखरच मोठा असेल, तर हिशेब क्षेत्रफळाचा करावा. त्याच प्रमाणातला पडदा 9 मीटरऐवजी 12 मीटर रुंद झाला, तर प्रकाश जवळपास 1.8 पट लागतो. पण तो सगळा टपाल तिकिटाएवढ्या चौकटीतून जातो. उष्णता जास्त झाली की फिल्म गेटमध्येच फुगते आणि फोकस हलतो. उष्णता मागे जाऊ देणारा कोल्ड मिरर आणि हीट फिल्टर शाबूत असल्याशिवाय वॉट वाढवू नयेत.

रेक्टिफायरकडे, म्हणजे दिव्याला एकाच दिशेचा (डीसी) करंट पुरवणाऱ्या यंत्राकडे, सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. 2000 वॉटच्या दिव्याला व्होल्ट जेमतेम पंचवीस-अठ्ठावीस लागतात, करंट मात्र 70 ते 80 अँपिअर. रेक्टिफायर तेवढा करंट सतत देऊ शकत नसेल, तर मोठा दिवा घेऊन उपयोग नाही. दिवा ठरलेल्या करंटच्या मर्यादेखाली चालवला की आर्क, म्हणजे त्याच्या दोन टोकांमधली प्रकाशाची ठिणगी, नाचतो. करंटमधला रिपल (चढउतार) शक्यतो 5 टक्क्यांच्या आत असावा. एखादा डायोड गेला किंवा कपॅसिटर सुकला की रिपल वाढतो, कॅथोडचे (दिव्यातल्या ऋण इलेक्ट्रोडचे) टोक लवकर झिजते, पडदा लुकलुकतो, आणि दोष मात्र दिव्याच्या कंपनीला दिला जातो.

दिवा लॅम्पहाऊसच्या (दिवा बसवायच्या पेटीच्या) जातीचाच हवा. उभ्या लॅम्पहाऊसचा दिवा आडवा लावू नये. आडव्यात आर्क वर वाकतो, त्याला चुंबकाने सरळ ठेवावे लागते. शिवाय काच वरच्या बाजूने आधी काळी पडते, म्हणून अर्ध्या आयुष्यावर दिवा त्याच्या अक्षाभोवती 180 अंश फिरवावा. खोलीत हवा बाहेर नेणारे धुराडे नसेल तर ओझोनमुक्त, म्हणजे ओझोन वायू तयार होऊ न देणाऱ्या, काचेचाच दिवा घ्यावा. अर्थात, उष्णता बाहेर काढण्याची सोय तरीही लागतेच.

बसवताना एकच टोक घट्ट आवळावे. दुसरे लवचिक तारेवर मोकळे राहिले पाहिजे, नाहीतर तापून लांबी वाढते आणि दिव्याच्या क्वार्ट्‌झ काचेला तडा जातो. धन-ऋण उलटे जोडले तर कॅथोड काही क्षणांत वितळतो. काचेला बोट लागलेच, तर दिवा पेटवण्याआधी अल्कोहोलने पुसावे. खेळ संपल्यावर पंखा लगेच बंद करू नये.

हमीचे तास उलटल्यावर ‘अजून पेटतोय ना’ म्हणून तोच दिवा रेटणे धोक्याचे आहे. काळी काच उष्णता धरते आणि चालू दिव्यातला दाब 25-30 वातावरणांपर्यंत (बाहेरच्या हवेच्या दाबाच्या तितक्या पट) असतो. थंड दिव्यातही तो आठ-दहा वातावरण असतो. त्यामुळे जुना दिवासुद्धा चेहऱ्यावर शील्ड आणि हातात जाड मोजे घालूनच काढावा, त्याच्या संरक्षक खोळीत ठेवावा, आणि उघडा कचऱ्यात कधीही टाकू नये.

आपले,
फिल्म प्रोजेक्शनचे काम करणारे काही तंत्रज्ञ