प्लायवूडची होडी: काटकसर कुठे चालते, कुठे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. तेव्हापासून पावसाळा तोंडावर आला, की 'घरी एक लहानशी होडी असलेली बरी' असे कोणीतरी म्हणतेच. होडी घरी बांधता येते, दोन शीट प्लायवूडमध्ये येते आणि खर्चही आवाक्यात राहतो. पण पुरासाठी म्हणून ती बांधू नये. वाहत्या पाण्याखाली तुटकी कुंपणे, लोखंडी गज, उघडी चेंबरे असतात आणि ६ मिमी प्लायला भोक पाडायला एक गज पुरतो. संथ पाण्यात गळ टाकणे, पक्षी पाहणे, माशांना खाद्य टाकणे, इतकेच तिचे काम. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर असेल, तर तिथेही नको. होडीच्या तळाची पट्टी अस्तर फाडते.

हे पत्र लिहिण्याचे कारण वेगळे आहे. स्वस्त होडीच्या नादात लोक नेमके जिथे पैसे घालायचे तिथे हात आखडतात आणि रंगावर, पितळी कड्यांवर सढळ हाताने खर्च करतात.

प्लायपासून सुरुवात करू. फर्निचरसाठी मिळणारी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्लाय होडीला चालत नाही. तिच्यातला युरिया फॉर्मल्डिहाइडचा डिंक पाण्यात सुटतो आणि एका मोसमात पदर उलगडतात. हवी ती आयएस ७१० या भारतीय मानकाची मरीन प्लाय. होडी लहान असेल, सावलीत ठेवली जाणार असेल आणि सगळ्या बाजूंनी रेझिन (आळून कडक होणारा चिकट द्रव) लागणार असेल, तर बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणाऱ्या) प्लायवर भागते; त्याखाली उतरू नये. शिक्क्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तपासता येतो. शिवाय हातभर तुकडा मागून घ्या, चार तास उकळा, रात्रभर वाळवा, पुन्हा चार तास उकळा. पदर सुटले तर ती शीट दुकानातच राहू द्या. नाण्याने ठोकत गेले, की आतली पोकळी आवाजावरून कळते. जाडीही मोजा, '६ मिमी' म्हणून ५ मिमी सर्रास खपते.

आठ फुटांच्या, दोन्ही टोके चपटी असलेल्या होडीला ८ बाय ४ च्या दोन शीट लागतात. एका शीटमधून तळ निघतो: लांबी २३० सेंमी, मध्ये रुंदी ८५, पुढे ६०, मागे ७५. दुसरीतून ४० सेंमी उंचीच्या दोन बाजू आणि पुढचा-मागचा आडवा पाट. बाजूंची खालची कड दोन्ही टोकांकडे आठ-दहा सेंमी वर चढती घ्या, म्हणजे तळाला आपोआप बाक येतो. उरलेल्या पट्ट्यांतून दोन टोकांच्या बैठकीच्या पेट्या जेमतेम निघतात. कापण्याआधी लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यातून एकास दहा मापाची प्रतिकृती करा. पुठ्ठ्यात जे जुळत नाही ते प्लायमध्येही जुळणार नाही. वक्र रेघ काढायला खिळ्यांना टेकवून लवचिक पट्टी वाकवा. ती जशी सहज वळेल तीच रेघ. दोन्ही बाजू एकावर एक दाबून एकदमच कापायच्या. वेगवेगळ्या कापल्या, की होडी एका अंगाला ओढते.

जोडणी तार आणि रेझिनची. १९६३ मध्ये ब्रिटनमध्ये आलेली 'मिरर' ही जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांची होडी याच पद्धतीने हजारो घरांत बांधली गेली. सांगाडा लागत नाही, सुतारकामाचा हातही लागत नाही. कडेपासून १ सेंमी आत, दर १५ सेंमीवर २ मिमी भोके पाडून जुन्या वायरीतल्या तांब्याच्या तारेने टाके घाला. बांधकामाची बाइंडिंग तार वापरू नका. एखादा तुकडा आत राहिला तरी गंजून डाग पाडतो. केबल टायही चालतात. टाके आधी सैल ठेवा, मधोमध आडवी फळी घालून रुंदी धरा आणि आता घाई करू नका. दोन्ही टोकांवर एकेक सरळ काठी आडवी ठेवून मागून नजर लावा. काठ्या समांतर दिसल्या नाहीत, तर होडीला पीळ आहे. कर्णही मोजा. रेझिन आळल्यावर हा पीळ कशानेही निघत नाही आणि होडी आयुष्यभर वाकडी चालते.

रेझिन इपॉक्सीच घ्यावे. पॉलिस्टर स्वस्त असते, पण लाकडाला नीट धरत नाही आणि जोडांवर लावलेली काचेच्या धाग्यांची टेप कालांतराने सालीसारखी सुटते. तरीही कोणी पॉलिस्टर वापरणारच असेल, तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: पॉलिस्टर आळवायला लागणारी कोबाल्ट आणि एमईकेपी ही दोन द्रव्ये थेट एकमेकांत कधीही मिसळू नयेत, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे. या होडीला इपॉक्सी साधारण ५ किलो आणि ७५ मिमी रुंदीची काचेची टेप २२ मीटर लागते. इपॉक्सी आळवणाऱ्या हार्डनरचे प्रमाण डब्यावर असेल तेच, आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजून. लवकर वाळावे म्हणून हार्डनर वाढवला, तर रेझिन चिकटच राहते आणि सगळे खरवडावे लागते. हातमोजे हवेतच, हार्डनरची ॲलर्जी एकदा जडली की पुढे जात नाही.

नागपूरकरांची खरी अडचण हवामानाची आहे. तापमान दहा अंशांनी वाढले, की रेझिन हातात राहण्याचा वेळ जवळपास निम्मा होतो. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असताना डब्यात अर्धा किलो कालवले, तर पंधरा मिनिटांत धूर निघू शकतो. एका वेळी दीडशे-दोनशे ग्रॅमच कालवा आणि लगेच पसरट ताटलीत ओता. पावसाळ्यात दमट हवेने पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचे दिवस उत्तम. त्यातही लेप संध्याकाळी लावावा. हवा थंड होत जाते तशी लाकडातली हवा आकसते आणि रेझिन आत ओढले जाते. सकाळी लावला, तर ऊन चढताना लाकूड हवा बाहेर टाकते आणि लेपभर बुडबुडे येतात.

टाक्यांच्या मधल्या जागी आधी थोडे थोडे रेझिन लावून आळू द्या, मग तारा काढा. अडकलेली तार तापवली की निघते. आता रेझिनमध्ये लाकडाची बारीक भुकटी मिसळून घट्ट श्रीखंडासारखे करा आणि आतल्या कोपऱ्यांत चमच्याच्या पाठीने २ सेंमी त्रिज्येची गोलाई द्या. ती ओली असतानाच वर टेप बसवा. बाहेरची धार रंध्याने गोल करूनच टेप लावायची, कारण काचेचे कापड तीक्ष्ण कडेवर बसत नाही, खाली हवा राहते आणि पाणी तिथूनच शिरते. प्लायच्या कापलेल्या कडांना तीन हात द्या. होडी बहुधा याच कडांपासून कुजते.

काठपट्टीला लकडगंजच्या लाकूडबाजारातून ४० बाय १८ मिमी सागाच्या पट्ट्या आणाव्यात. साग तेलकट असतो. चिकटवण्याआधी थिनरने पुसला नाही, तर जोड सुटतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस. तळाला मागे १० सेंमी उंच, ५० सेंमी लांब उभी पट्टी हवीच. तिच्याविना चपटी होडी वल्ह्याच्या प्रत्येक झटक्याला गिरकी घेते. वल्ह्यांसाठी बांबू आणि प्लायचे पाते पुरते. इथे वाचवा पैसे.

रंगातही वाचतात. इपॉक्सी उन्हात पांढरट पडून भुगा होते, म्हणून रंग लागतोच, पण महागडा मरीन पेंट नको. साधा ऑइल पेंट मात्र काही हार्डनरवर आठवडाभर वाळत नाही. मधे इपॉक्सी प्रायमर घालावा. रंग फिकट घ्या. गडद रंगाची होडी नागपूरच्या उन्हात तव्यासारखी तापते.

तरंगण्याच्या पेट्यांवर मात्र काटकसर नको. दोन्ही टोकांच्या पेट्या मिळून शंभर लिटर जागा राखा आणि ती थर्मोकोलने किंवा घट्ट झाकणाच्या रिकाम्या बाटल्यांनी भरा. दोन लिटरची प्रत्येक बाटली म्हणजे साधारण दोन किलोची उचल. पॉलिस्टर थर्मोकोलला विरघळवते, इपॉक्सी नाही. पेटीला एक बूच ठेवा आणि घरी आल्यावर ते उघडे ठेवा, नाहीतर आतला दमटपणा लाकूड खातो.

भाराचा हिशेब सोपा आहे. पाण्याखालच्या भागाची लांबी, रुंदी, खोली डेसिमीटरमध्ये गुणली की लिटर, म्हणजेच किलो. ही होडी १० सेंमी खाली गेली, की सपाट तळ धरून पावणेदोनशे किलोच्या आसपास पाणी बाजूला सारते. तळाच्या बाकामुळे त्याहून कमी. होडीचेच वजन ३५ किलो. दोन मोठी माणसे, थोडे सामान, बस. काठ पाण्यावर वीतभर उरलाच पाहिजे.

तलावात उतरवण्याआधी परवानगी घ्या. प्रत्येक तलाव कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात असतो: पालिका, पाटबंधारे, वनखाते किंवा ढिवर-भोई बांधवांची मच्छीमार संस्था. पेंचच्या व्याघ्र प्रकल्पात तर विचारूही नये. पहिल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून, काठाशी कमरेएवढ्या पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरून पाहा. ती आडवी, समतोल तरंगली आणि दोघांनी काठ धरल्यावरही खाली गेली नाही, तर खोल पाण्यात न्या. एक टोक बुडत असेल, तर त्या टोकाला पेटीबाहेर आणखी बाटल्या पक्क्या बांधा आणि पुन्हा पाहा.

आपला,
एक वाचक, नागपूर