लॅबमधल्या ताईंना

प्रिय ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. दादरच्या लॅबमध्ये ग्लुकोजचं पाणी पिऊन मी खाली चहाला निघाले होते आणि तुम्ही मला हाताला धरून परत बाकावर बसवलंत, ती मी.

त्या दिवशी मी तुमच्यावर चिडले होते. पाळी तीन-तीन महिने येत नाही म्हणून डॉक्टरांकडे गेले, सोनोग्राफीत पीसीओएस, म्हणजे बीजांडकोशांचा आणि हार्मोन्सचा बिघाड, निघाला. मग साखरेची तपासणी कशाला? माझी उपाशीपोटीची साखर नेहमीच नॉर्मल, वजन 52 किलो. तुम्ही दुसऱ्या पेशंटचं रक्त घेता घेता म्हणालात, "साखर नॉर्मल आहे, पण ती नॉर्मल ठेवायला शरीराला किती इन्सुलिन लागतंय, ते कुठे दिसतं त्यात?"

एवढ्या साध्या शब्दांत मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. इन्सुलिन रक्तातली साखर पेशींत पोचवतं. पेशी त्याला दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड ते जास्त तयार करतं. हे जास्तीचं इन्सुलिन बीजांडकोशांना पुरुषी हार्मोन्स अधिक बनवायला लावतं. बीज पुरतं वाढत नाही, पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. बारीक बायकांमध्येही हे घडतं. आणि वर्षानुवर्षं जादा काम करून स्वादुपिंड थकलं, की मधुमेह. माझ्या आईला तो पन्नाशीच्या आतच झाला.

मग तुम्ही हळूच माझ्या मानेकडे बोट दाखवलंत. ताई, तो काळा पट्टा मी आठवीपासून घासत आलेय. बेसन, लिंबू, शेवटी भांड्यांचा काथ्यासुद्धा. "मान नीट घासत जा गं," हे आईचं रोजचं वाक्य. तो मळ नव्हताच, वाढलेल्या इन्सुलिनची खूण होती, हे ऐकून मला तिथेच रडू आलं. तुम्ही काही न बोलता पाण्याचा ग्लास आणून दिलात.

रिपोर्ट आला. उपाशीपोटी 92, दोन तासांनी 158. दोन तासांनंतरची साखर 140 ते 199 आली तर ती मधुमेहाच्या उंबरठ्यावरची समजतात. चहाला गेले असते, चालून आले असते, तर कदाचित हा आकडा दिसलाच नसता. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन हे साखरेवरचं औषध सुरू केलं, ही तपासणी दर वर्षी करायला सांगितली. रात्री जेवण झालं की आई आणि मी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतो. चालताना स्नायू साखर ओढून घेतात, हे आता मीच तिला समजावते. गेल्या महिन्यात पाळी 36 दिवसांनी आली.

माझी मामेबहीण सतरा वर्षांची आहे. परवा मामी तिला म्हणाली, "मान घास जरा." मी मामीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली आहे, शनिवारी सकाळी उपाशीपोटी तिला घेऊन येते. दोन तास हलू देणार नाही.

तुमची,
खिडकीजवळच्या बाकावरची