खारीला छत्री कशाला?

आदरणीय सर,

त्या दिवशी तुम्ही माझ्या चित्राला ब्रश लावला नाहीत, त्याबद्दल हे पत्र.

पावसात लाल छत्री धरून उभी असलेली खार जलरंगात काढायची, एवढंच माझं ठरलं होतं. 300 जीएसएमचा जाड कागद बोर्डावर ताणून झाला, अल्ट्रामरीन निळ्यात तपकिरी बर्न्ट सिएना मिसळून ढगाळ करडा जमला, त्याचा वॉशही, म्हणजे पातळ पाणीदार थर, एकसारखा बसला. आणि तो अर्धवट वाळला असताना ब्रशवरून टपोरा थेंब नेमका खारीच्या डोक्यावर! पाण्याने रंग बाहेर ढकलला, कडेला झिरमिळ्या धरल्या. फुलकोबीच म्हणा ना. टिश्यूने टिपायला गेले तर आणखी पसरलं. कागद फाडायलाच निघाले होते मी.

तुमचा हात माझ्या ब्रशपर्यंत आलेला मी पाहिला. चार फटकाऱ्यांत तुम्ही ते निस्तरलं असतं. (मग चित्र तुमचं झालं असतं आणि मी ते भिंतीवर लावून खोटं बोलत बसले असते.) पण तुम्ही हात मागे घेतलात आणि विचारलंत, "खारीला छत्री कशाला? शेपूट आहे ना तिला!"

तेव्हा कुठे दिसलं. ती झिरमिळी कड म्हणजे डोक्यावर ओढून घेतलेली झुबकेदार शेपटी होती. पाठीपासून तिथवर एक रेघ न्यायची तेवढी बाकी होती. नंतर वाचलं, की खारींच्या कुळाचं शास्त्रीय नाव 'स्क्युरिडी' ज्या ग्रीक शब्दावरून आलं, त्यात 'सावली' आणि 'शेपूट' हेच दोन शब्द आहेत. म्हणजे तुम्हाला सुचलं ते ग्रीकांनाही सुचलं होतं!

पावसाचे शिंतोडे मिठाने आणले, तेही तुमच्यामुळेच. "फार ओलं असताना टाकलंस तर विरघळेल, वाळल्यावर टाकलंस तर नुसतं मीठ." ओल्या रंगाची चकाकी उतरता उतरता चिमूटभर भुरभुरलं. प्रत्येक खड्याने भोवतालचं पाणी ओढून घेतलं आणि फिकट चांदण्या उमटल्या. पूर्ण वाळेपर्यंत हात न लावणं मात्र फार जड गेलं.

खारीच्या डोळ्यात कागदाचा पांढरा ठिपका राखायचा राहिला, त्यामुळे ती जरा पेंगुळलेली दिसते. राहू दे. इतकी ऊबदार शेपटी डोक्यावर असल्यावर कोण पेंगणार नाही?

तुमची,
मिठाची डबी अजून परत न केलेली विद्यार्थिनी