पानाचे पैसे कोणी दिले, तेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी निवडणूक रोखे, म्हणजे नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याची सोय, घटनाबाह्य ठरवले. पक्षाला पैसा कोण पुरवतो हे मतदाराला कळलेच पाहिजे, हा त्या निकालाचा गाभा. कंपन्यांच्या देणग्यांवरची मर्यादा २०१७ मध्ये काढून टाकली होती, तीही या निकालाने परत आली. त्या मधल्या काळात तोट्यातली कंपनीसुद्धा पक्षांना हवी तेवढी देणगी देऊ शकत होती! मतदाराला मिळालेला हा हक्क वर्तमानपत्राच्या वाचकालाही हवा, असे मी कळकळीने म्हणतो.

नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि प्रशासकांचा कारभार सुरू झाला. सभागृहात नगरसेवकच नव्हते, तेव्हा पाणी, रस्ते, टेंडर यांबद्दल जाब विचारायला वर्तमानपत्राइतकी दुसरी जागा सामान्य माणसाला नव्हती. म्हणून या जागेची काळजी वाटते. गंगापूर रोड, पाथर्डी फाट्याकडच्या गृहप्रकल्पांवर पानभर 'बातमी' येते आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'प्रायोजित' असते. त्याच बिल्डरविरुद्ध फ्लॅटधारकांची तक्रार आली, तर तिला किती जागा मिळेल? जाहिरातीशिवाय वर्तमानपत्र चालत नाही, हे मान्य. पण जाहिरात ही जाहिरात दिसली पाहिजे. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत एका नेत्याचे गुणगान करणारा मजकूर शब्दशः वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत बातमी म्हणून आला होता. त्यानंतर प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, सविस्तर अहवालही दिला. महाराष्ट्राने तरी हे विसरू नये.

मालकीचेही तेच. डिसेंबर २०२२ मध्ये एनडीटीव्ही अदानी समूहाकडे गेली, नेटवर्क १८ हा वृत्तवाहिन्यांचा समूह त्याआधीच, २०१४ पासून, रिलायन्सकडे होता. बंदरे, वीज, दूरसंचार अशा सरकारी धोरणावर अवलंबून असलेल्या उद्योगांचे मालक बातम्यांचेही मालक झाले, तर त्या धोरणांची चिकित्सा कोण करणार?

वर्तमानपत्र नोंदणीच्या १९५६ च्या नियमांनी (२०२४ मध्ये त्यांच्या जागी नवे नियम आले) वर्तमानपत्रांना एक चांगली सवय लावली. फेब्रुवारी संपल्यानंतरच्या पहिल्या अंकात 'फॉर्म नं. ४' छापायचा, त्यात मालक आणि एक टक्क्याहून जास्त भांडवल असलेल्या भागधारकांची नावे द्यायची. तो मजकूर मात्र आतल्या पानावर, भिंग घेऊन वाचावा लागेल इतका बारीक असायचा.

आपण हा तपशील पहिल्या पानावर, बातमीच्याच टायपात छापावा. आणि पैसे घेऊन छापलेल्या प्रत्येक मजकुरावर, मथळ्याच्या वर, ठळक अक्षरांत 'जाहिरात' असे लिहून पैसे देणाऱ्याचे नाव द्यावे. आपला निर्णय याच सदरात कळवावा, ही विनंती.

– एक नियमित वाचक, नाशिक रोड